ऑर्डर बुक म्हणजे काय? एचएएलकडे लाखो कोटींची कामं आहेत, मग विमानं वेळेवर का येत नाहीत?

मोबाईलवर कधी ना कधी अशी बातमी तुमच्या समोर आली असेलच: "एचएएलला ६२ हजार कोटींची ऑर्डर!" खाली लगेच कमेंट्स सुरू होतात. कोणी म्हणतं शेअर घेऊन टाका, कोणी म्हणतं आता हवाई दलाला विमानंच विमानं. आणि त्याच फीडमध्ये थोडं खाली गेलं की दुसरी बातमी दिसते: "तेजसला पुन्हा उशीर."

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. मग गोंधळ कुठे होतो? गोंधळ होतो तो 'ऑर्डर मिळाली' आणि 'काम झालं' या दोन गोष्टी आपण एकच समजतो म्हणून. आजच्या लेखात आपण ऑर्डर बुक किंवा बॅकलॉग म्हणजे काय, सरकारी संरक्षण करार कसा होतो, त्यातला पैसा कधी मिळतो आणि विमानं नेमकी कुठे अडकतात, हे हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे एचएएलच्या उदाहरणातून समजून घेऊया.

बॅकलॉग म्हणजे काय?

इंजिनिअरिंगला असाल तर 'बॅकलॉग' हा शब्द ऐकूनच पोटात गोळा येईल. राहिलेले विषय, म्हणजे आपली केटी. कॉलेजात बॅकलॉग असला की आपण घरी सांगत नाही. विमान बनवणारी कंपनी मात्र तोच आकडा मोठ्या अभिमानाने पत्रकार परिषदेत सांगते!

कारण इथे अर्थ वेगळा आहे. कंपनीला ऑर्डर मिळाली, करारावर सही झाली, पण माल अजून द्यायचा बाकी आहे, अशा सगळ्या कामांची एकूण किंमत म्हणजे ऑर्डर बॅकलॉग. आपल्याकडे त्यालाच सहसा 'ऑर्डर बुक' म्हणतात.

पेणच्या गणपतीच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. चतुर्थीच्या कितीतरी महिने आधी कारखानदाराकडे मूर्तींची नोंदणी सुरू होते. समजा वहीत ५०० मूर्तींची नोंद झाली. ही वही म्हणजे त्याचं ऑर्डर बुक. वही भरली याचा अर्थ काम पक्कं आहे. पण मूर्ती अजून घडायच्या आहेत, माती यायची आहे, रंगकाम व्हायचं आहे. मूर्ती गिऱ्हाइकाच्या हातात गेली की वहीतली ती ओळ कट होते आणि ती रक्कम विक्रीत जमा होते.

म्हणजे ऑर्डर बुकचं गणित असं:

आधीचं ऑर्डर बुक + नवीन ऑर्डर − पूर्ण करून दिलेलं काम = आत्ताचं ऑर्डर बुक

यातून एक गंमतशीर गोष्ट लक्षात येते. ऑर्डर बुक दोन कारणांनी फुगू शकतं. एक, नवीन ऑर्डर भरपूर आल्या. दोन, जुनं काम वेळेवर बाहेरच पडलं नाही. बाहेरून बघताना दोन्ही वेळा आकडा मोठाच दिसतो. म्हणून फक्त आकडा बघून खूश व्हायचं नाही.

एचएएल ही कंपनी नक्की आहे तरी कोणती?

या कंपनीची सुरुवात एका मराठी मुलखातल्या उद्योगपतीने केली, हे अनेकांना माहीत नसतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' ही कंपनी स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती सरकारच्या ताब्यात गेली. पुढे १९६४ मध्ये दुसऱ्या एका सरकारी विमान कंपनीबरोबर विलीनीकरण होऊन आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड तयार झाली.

२०१८ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. आजही ७० टक्क्यांहून थोडे जास्त शेअर केंद्र सरकारकडेच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला 'महारत्न' दर्जा मिळाला.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कंपनीची मालक सरकार, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही सरकारच, म्हणजे हवाई दल, लष्कर, नौदल आणि तटरक्षक दल. असं नातं असलं की फायदे असतात, तसे तोटेही. ते पुढे बघूच.

सरकारी करार कसा होतो? पायरी पायरीने बघा

आपण ॲपवर फोन निवडतो, पैसे भरतो, झालं. लढाऊ विमानाची खरेदी अशी होत नाही. साधारण पायऱ्या अशा असतात:

१. गरज ठरवणे: हवाई दल किंवा लष्कर सांगतं की आम्हाला अमुक क्षमतेचं, इतक्या संख्येने विमान हवं.

२. गरजेला मान्यता: संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण संपादन परिषद 'ही खरेदी आवश्यक आहे' असं मान्य करते. बातम्यांमध्ये याला एओएन म्हणतात.

३. प्रस्ताव मागवणे: कंपनीला अधिकृतपणे विचारलं जातं की किंमत किती, कधी देणार, अटी काय.

४. चाचण्या आणि किंमतीची बोलणी: नवीन वस्तू असेल तर चाचण्या होतात. मग समिती बसून किंमत ठरवते.

५. अंतिम मंजुरी: मोठ्या खरेदीला पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षा विषयक मंत्रिमंडळ समिती मंजुरी देते.

६. करारावर सही: इथे खऱ्या अर्थाने ऑर्डर मिळते. ऑर्डर बुकमध्ये आकडा जातो तो या पायरीनंतर.

आता खरं उदाहरण. ९७ तेजस मार्क १ए विमानांच्या खरेदीला पायरी क्रमांक २ ची मान्यता मिळाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. प्रस्ताव मागवला गेला एप्रिल २०२४ मध्ये. मंत्रिमंडळ समितीची मंजुरी आली ऑगस्ट २०२५ मध्ये. आणि करारावर सही झाली २५ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे मान्यता ते सही, जवळजवळ २२ महिने!

या २२ महिन्यांत 'एचएएलला ९७ विमानांची ऑर्डर' अशा अर्थाच्या बातम्या किती वेळा फिरल्या असतील, विचार करा. प्रत्येक पायरीला एक बातमी होते, आणि वाचणाऱ्याला वाटतं प्रत्येक वेळी नवीन ऑर्डर आली. ऑर्डर एकच असते.

एचएएलचे अलीकडचे मोठे करार

- फेब्रुवारी २०२१: ८३ तेजस विमानं. यात ७३ मार्क १ए लढाऊ आणि १० प्रशिक्षणाची विमानं. किंमत सुमारे ४६,९०० कोटी रुपये.
- मार्च २०२३: ७० एचटीटी-४० ही पायलटांच्या प्राथमिक प्रशिक्षणाची विमानं. किंमत ६,८०० कोटींच्या थोडी वर.
- सप्टेंबर २०२४: सुखोई-३० विमानांसाठी २४० इंजिनं. किंमत २६,००० कोटींच्या वर. ही इंजिनं ओडिशातल्या कोरापुट इथे बनतात.
- डिसेंबर २०२४: १२ सुखोई-३० एमकेआय विमानं. किंमत सुमारे १३,५०० कोटी, करांसह. ही विमानं आपल्या नाशिकला बनणार.
- मार्च २०२५: १५६ प्रचंड हेलिकॉप्टर. ६६ हवाई दलाला, ९० लष्कराला. किंमत ६२,७०० कोटी, कर वेगळे.
- सप्टेंबर २०२५: ९७ तेजस मार्क १ए. ६८ एक आसनी आणि २९ दोन आसनी. किंमत ६२,३७० कोटींच्या वर, कर वेगळे.

यादीत 'करांसह' आणि 'कर वेगळे' असे दोन प्रकार दिसले ना? दोन करारांची तुलना करताना हे बघितलं नाही तर हिशेब चुकतोच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे साधा भागाकार. ६२,३७० भागिले ९७, म्हणजे एक तेजस ६४० कोटींचं! असं म्हणता येत नाही. कारण या रकमेत विमानांबरोबर लागणारी उपकरणं आणि इतर साहित्यही असतं. नुसत्या विमानाची किंमत त्याहून कमी असते.

ऑर्डर बुक मोठं, पण उत्पन्न किती?

आता मुद्द्याचं. ३१ मार्च २०२५ ला एचएएलचं ऑर्डर बुक सुमारे १.८९ लाख कोटी रुपये होतं. वर्षभरापूर्वी हाच आकडा साधारण ९४ हजार कोटी होता. म्हणजे एका वर्षात दुप्पट!

आणि २०२४-२५ या वर्षातलं कंपनीचं उत्पन्न? सुमारे ३१ हजार कोटी. त्याच्या आदल्या वर्षी ते ३० हजार कोटींच्या थोडं वर होतं. ऑर्डर बुक दुप्पट झालं, उत्पन्न मात्र जेमतेम हललं.

१.८९ लाख कोटींना ३१ हजार कोटींनी भागा. उत्तर येतं सहाच्या आसपास. अर्थ असा, की नवीन एकही ऑर्डर आली नाही आणि कंपनी याच वेगाने काम करत राहिली, तर हातातलं काम संपायला सहा वर्षं लागतील. याकडे दोन बाजूंनी बघता येतं. कंपनीला सहा वर्षं कामाची चिंता नाही, ही झाली एक बाजू. आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला सहा वर्षं थांबायचं आहे, ही दुसरी.

हे भागाकाराचं गणित कोणत्याही कंपनीला लावून बघा. उत्तर खूप मोठं आलं तर विचारा: वेग वाढवण्यासाठी कंपनी काय करतेय?

आणखी एक गोष्ट. एचएएलच्या उत्पन्नाचा मोठा भाग नवीन विमानांमधून येत नाही. आधीपासून उडत असलेल्या विमानांची, हेलिकॉप्टरची आणि इंजिनांची दुरुस्ती, मोठी देखभाल, सुटे भाग यातून तो येतो. गाडीच्या शोरूमपेक्षा सर्व्हिस सेंटरचीच कमाई जास्त असावी, तसं काहीसं. म्हणून तेजसला उशीर झाला तरी कंपनीचा नफा लगेच कोसळत नाही.

पैसे कधी मिळतात?

करार झाला म्हणजे ६२ हजार कोटी खात्यात आले, असं नसतं. संरक्षण करारात साधारणपणे सुरुवातीला काही टक्के आगाऊ रक्कम मिळते. त्यानंतर ठरलेले टप्पे पूर्ण झाले की पुढचे हप्ते. आणि उरलेला मोठा भाग विमान प्रत्यक्ष ताब्यात दिल्यावर. उशीर झाला तर दंडाचं कलमही करारात असतं.

घर बांधताना बिल्डरला आपण टप्प्याटप्प्याने पैसे देतो, तसंच. प्लिंथ झाली की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा.

पण इथे हप्ते देणाऱ्याचा खिसा म्हणजे दरवर्षीचं संरक्षण बजेट. बजेटमध्ये नवीन खरेदीसाठी ठेवलेल्या पैशातूनच जुन्या करारांचे हप्तेही जातात. म्हणून बजेट वाढलं तरी ते सगळं नवीन खरेदीला मोकळं नसतं.

हप्ता थकला तर काय होतं, याचं उदाहरण एचएएलनेच बघितलं आहे. २०१९ च्या सुरुवातीला हवाई दलाकडून येणं असलेली रक्कम थकली होती आणि कंपनीला रोजचा खर्च आणि पगार भागवायला सुमारे १,००० कोटींची उचल बँकेकडून घ्यावी लागली. त्या वेळीही कंपनीकडे हजारो कोटींचं ऑर्डर बुक होतंच! पण ऑर्डर बुक दाखवून महिन्याचा पगार देता येत नाही. पगाराला रोकड लागते.

तेजस मार्क १ए: गाडी अडली कुठे?

तेजसचं पहिलं उड्डाण झालं ४ जानेवारी २००१ ला. पहिली विमानं हवाई दलाच्या तुकडीत आली १ जुलै २०१६ ला. मार्क १ए ही त्याची सुधारित आवृत्ती. आधुनिक रडार, चांगली इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली, देखभालीला सोपी रचना, असे बदल त्यात आहेत.

फेब्रुवारी २०२१ च्या करारानुसार पहिलं मार्क १ए मार्च २०२४ पर्यंत मिळायला हवं होतं. पहिल्या विमानाने २८ मार्च २०२४ ला उड्डाण केलंही. पण उड्डाण होणं वेगळं आणि विमान हवाई दलाच्या ताब्यात जाणं वेगळं. २०२५ संपेपर्यंत एकही मार्क १ए ताब्यात गेलं नव्हतं.

कारणं साधारण दोन.

पहिलं कारण, इंजिन. तेजसला अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ४०४ इंजिन लागतं. ऑगस्ट २०२१ मध्ये एचएएलने अशी ९९ इंजिनं मागवली, ७१.६ कोटी डॉलरला. पण या प्रकारच्या इंजिनाची उत्पादन लाईन जीईने मधल्या काळात बंद ठेवली होती. कारण आधीची ऑर्डर संपली होती आणि नवीन कोणाची नव्हती. बंद पडलेली लाईन पुन्हा सुरू करणं म्हणजे शेकडो सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या पुरवठादारांना पुन्हा उभं करणं. त्यात कोविडनंतर जगभर पुरवठ्याची बोंब. शेवटी पहिलं इंजिन आलं ते मार्च २०२५ मध्ये. म्हणजे विमान ज्या महिन्यात द्यायचं होतं, त्याच्या एक वर्षानंतर विमानाचं इंजिन आलं.

यात एक धडा लपलेला आहे. ऑर्डर तुकड्या-तुकड्यांत दिल्या, मधे मोठी गॅप पडली, तर उत्पादन लाईन थंड पडते. थंड पडलेली लाईन गरम करायला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. नोव्हेंबर २०२५ मध्ये एचएएलने जीईबरोबर आणखी ११३ इंजिनांचा करार केला. ही इंजिनं २०२७ ते २०३२ दरम्यान यायची आहेत. विमानांचा करार सप्टेंबरमध्ये आणि इंजिनांचा लगेच नोव्हेंबरमध्ये, यावरून मागच्या वेळचा धडा थोडाफार शिकलेला दिसतो.

दुसरं कारण, जोडणी आणि प्रमाणपत्र. लढाऊ विमान म्हणजे उडणारा कॉम्प्युटर. रडार, सॉफ्टवेअर, क्षेपणास्त्र हे सगळं एकमेकांशी बोलायला हवं. फोनमध्ये अपडेटनंतर ॲप क्रॅश झालं तर आपण फोन रीस्टार्ट करतो. विमानात ती सोय नाही. म्हणून प्रत्येक बदलाची चाचणी, प्रत्येक क्षेपणास्त्राची डागणी, मग प्रमाणपत्र. हे काम कारखान्यात जास्त माणसं लावून पटकन होत नाही.

म्हणजे फक्त 'परदेशी कंपनीने फसवलं' किंवा फक्त 'सरकारी कंपनी सुस्त आहे' असं एका वाक्यात सांगणारा व्हिडिओ दिसला, तर तो अर्धीच गोष्ट सांगतोय.

उशिराची किंमत कोण मोजतं?

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ विमानं हवाई दलातून निवृत्त झाली. १९६३ पासून सेवेत असलेलं हे विमान. शेवटची शेवटची वर्षं ते उडत राहिलं, याचं एक मोठं कारण म्हणजे त्याची जागा घेणारी विमानं वेळेवर आलीच नाहीत. त्याच्या अपघातांमध्ये किती पायलट गेले हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

हवाई दलाला मंजूर आहेत लढाऊ विमानांच्या ४२ तुकड्या, म्हणजे स्क्वाड्रन. मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. एका तुकडीत साधारण १६ ते १८ विमानं असतात. आता हिशेब तुम्हीच करा. फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी एचएएलच्या उशिराबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली होती, ती यामुळेच.

ऑर्डर बुकमधली एक ओळ उशिरा कट झाली, तर कंपनीच्या ताळेबंदात तो आकडा पुढच्या वर्षी जातो. पण सीमेवरच्या तळावर त्या ओळीचा अर्थ असतो एक रिकामा हँगर, किंवा एका तरुण पायलटच्या हाती जुनं विमान.

नाशिकचा यात काय संबंध?

नाशिकजवळच्या ओझरला एचएएलचा मोठा कारखाना आहे. तो उभा राहिला तोच मिग-२१ बनवण्यासाठी, १९६० च्या दशकात. पुढे तिथे मिग-२७ बनली, मग सुखोई-३० एमकेआय.

सुखोईची मूळ ऑर्डर पूर्ण झाली आणि ओझरच्या कारखान्यापुढे प्रश्न उभा राहिला: पुढे काय? एवढी कुशल माणसं, एवढी मशिनरी, पण नवीन विमान नाही. ऑर्डर बुक रिकामं होणं म्हणजे काय, हे नाशिककरांनी जवळून अनुभवलं आहे. फक्त कारखान्यातले कामगारच नाही, तर सुटे भाग बनवणारे आसपासचे लघुउद्योगही त्यावर अवलंबून असतात.

१७ ऑक्टोबर २०२५ ला संरक्षण मंत्री राजनाथ सिंह यांच्या हस्ते नाशिकला तेजस मार्क १ए ची लाईन सुरू झाली. एचएएलची ही तेजससाठी तिसरी लाईन. आधीच्या दोन बंगळुरूत आहेत. त्याच दिवशी एचटीटी-४० ची दुसरी लाईनही इथेच सुरू झाली आणि नाशिकला बनलेल्या पहिल्या मार्क १ए ने उड्डाण केलं. नाशिकची क्षमता वर्षाला ८ विमानांची आहे. तिन्ही लाईन पूर्ण वेगात चालल्या तर वर्षाला २४ विमानं बाहेर पडू शकतात.

शिवाय विमानाचे मोठमोठे भाग आता खासगी कंपन्या बनवून देतात. पंख एल अँड टी, मधला सांगाडा हैदराबादची व्हीईएम टेक्नॉलॉजीज, मागचा सांगाडा अल्फा टोकॉल. एचएएलने सगळं स्वतःच बनवायचं आणि मग वेळ लागला म्हणायचं, हे चित्र हळूहळू बदलतंय.

हा प्रॉब्लेम फक्त भारतातच आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेच्या बोईंगकडे बघा. २०२४ च्या शेवटी त्यांच्याकडे ५,५०० हून जास्त प्रवासी विमानांच्या ऑर्डर शिल्लक होत्या. एकूण बॅकलॉग ५२१ अब्ज डॉलर. त्यात आपल्या एअर इंडियाने २०२३ मध्ये दिलेली मोठी ऑर्डरही आहे. पण त्या वर्षी बोईंगने विमानं दिली फक्त ३४८. दर्जाचे प्रश्न, सरकारी नियामकाने उत्पादनावर घातलेली मर्यादा, कामगारांचा संप, असं सगळं एकत्र आलं. एवढा बॅकलॉग असूनही कंपनीला त्या वर्षी ११.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला.

बोईंगचा एक सरकारी करार तर अभ्यास करण्यासारखा आहे. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकी हवाई दलाचा केसी-४६ हा हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचा करार जिंकला. किंमत ठरलेली होती, म्हणजे खर्च वाढला तर भुर्दंड कंपनीचा. विमानाच्या विकासात अडचणी आल्या, पहिलं विमान २०१९ मध्ये गेलं आणि बोईंगला या एका कार्यक्रमात ७ अब्ज डॉलरहून जास्त तोटा सोसावा लागला.

म्हणजे काय, तर ऑर्डर बुकमधली प्रत्येक ओळ फायद्याचीच असते असंही नाही. ठरलेल्या किंमतीच्या करारात जोखीम कंपनीकडे असते. आणि 'जो खर्च होईल तो अधिक ठरलेला नफा' अशा करारात जोखीम सरकारकडे, म्हणजे शेवटी करदात्याकडे जाते.

बातमी वाचताना हे ६ प्रश्न विचारा

१. करारावर सही झाली आहे, की फक्त गरजेला मान्यता मिळाली आहे?
२. रक्कम करांसह आहे की कर वेगळे?
३. डिलिव्हरी कधी सुरू होणार आणि किती वर्षं चालणार? ९७ तेजसच्या करारात ती २०२७-२८ पासून सहा वर्षं आहे.
४. ऑर्डर बुकला वार्षिक उत्पन्नाने भागलं तर किती येतं?
५. ऑर्डर बुक वाढलं ते नवीन ऑर्डरमुळे, की जुनं काम अडकल्यामुळे?
६. इंजिनासारखा महत्त्वाचा भाग कोणाकडून येतो आणि तो वेळेवर येतोय का?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*ऑर्डर बुक मोठं म्हणजे शेअर घ्यायला हरकत नाही ना?*
हा लेख गुंतवणुकीचा सल्ला नाही. ऑर्डर बुक ही फक्त एक बाजू आहे. डिलिव्हरीचा वेग, हातात येणारी रोकड आणि शेअरची आत्ताची किंमत हेही तपासावं लागतं. मोठ्या ऑर्डरची अपेक्षा असेल तर शेअरचा भाव अनेकदा सही होण्याआधीच वाढलेला असतो.

*सरकारी ऑर्डर रद्द होऊ शकते का?*
होऊ शकते, पण एवढा मोठा करार सहसा रद्द होत नाही. जास्त वेळा होतो तो उशीर.

*उशीर झाला तर सरकार दुसऱ्या कंपनीकडे का जात नाही?*
कारण भारतात लढाऊ विमान पूर्ण बनवणारी कंपनी आत्ता एकच आहे. हे बदलण्याचा प्रयत्न सुरू आहे. पुढच्या पिढीच्या एएमसीए विमानासाठी खासगी कंपन्यांनाही बरोबरीची संधी देणारा आराखडा मे २०२५ मध्ये मंजूर झाला. बडोद्याला टाटा समूह एअरबसबरोबर सी-२९५ मालवाहू विमानं बनवतोय.

*तेजस पूर्णपणे स्वदेशी आहे का?*
पूर्णपणे नाही. सप्टेंबर २०२५ च्या करारातल्या विमानांमध्ये ६४ टक्क्यांहून जास्त स्वदेशी भाग असतील असं संरक्षण मंत्रालयाने सांगितलं आहे. इंजिन मात्र अमेरिकन आहे.

थोडक्यात सांगायचं तर

ऑर्डर बुक म्हणजे कंपनीने दिलेल्या शब्दांची वही आहे. वही जाड आहे याचा आनंद जरूर माना. पण खरी बातमी वहीत नवीन ओळ लिहिली जाते तेव्हाची नसते, जुनी ओळ कट होते तेव्हाची असते. पुढच्या वेळी 'एवढ्या कोटींची ऑर्डर' असं नोटिफिकेशन आलं की त्यासोबत हेही शोधा: या वर्षी विमानं किती दिली?

माहिती उपयोगी वाटली तर शेअर मार्केटवाल्या तुमच्या त्या मित्राला नक्की पाठवा. आणि ओझरच्या कारखान्यात तुमच्या घरातलं किंवा गावातलं कोणी काम करत असेल, तर तिथले अनुभव कमेंटमध्ये जरूर सांगा.